मुख्याधिकारी गट-ब की नायब तहसीलदार? पसंतीक्रम अडकलाय

गुहागरची_मुलगी

नमस्कार. राज्यसेवेची सर्वसाधारण गुणवत्ता यादी लागली आणि पसंतीक्रमाची लिंक सुरू झाली. उपजिल्हाधिकारी, तहसीलदार वगैरे वर टाकून ठेवलंय, पण माझा क्रमांक बघता तिथपर्यंत हात पोचेलसं वाटत नाही. खरा घोळ खाली आहे. मुख्याधिकारी, नगरपरिषद (गट-ब) वर ठेवू की नायब तहसीलदार?

क्लासमधले सगळे "महसूल तो महसूल" म्हणतात. बाबांचं म्हणणं त्याहून सरळ आहे: तहसीलदार कचेरीत लागली म्हटलं की वाडीला कळतं, मुख्याधिकारी म्हणजे कोण ते आम्ही घरोघर सांगत बसायचं का?

मी स्थापत्य अभियंता आहे. पाणीपुरवठा, रस्ते, बांधकाम परवानगी यातलं थोडंफार कळतं आणि आवडतंही. पण ऐकते ते असं, की नगरसेवक काम करू देत नाहीत, वर्षात बदली होते, आणि काही झालं की पहिली सही मुख्याधिकाऱ्याची निघते. नेमका साहेब कोण असतो या नोकरीत? लहान गावात बाईमाणसाला जमतं का? आणि पुढे दहा-पंधरा वर्षांनी माणूस कुठे असतो? कोकणातल्या कुणी सांगितलं तर बरं, कारण मला इकडेच राहायला आवडेल.

घाटमाथा_एक्सप्रेस

डोळे झाकून नायब तहसीलदार. बढतीचा रस्ता ठरलेला, खातं जुनं, वजन आहे. मुख्याधिकारी म्हणजे जन्मभर गटार आणि कचरा. माझा मित्र आहे त्या पोस्टवर, रात्री अकरा वाजता लोक फोन करून "लाइट गेली" सांगतात. त्याचा वीजमंडळाशी काही संबंध नाही, तरी सांगतात.

जांभा_चिरा

गटार आणि कचरा, अगदी बरोबर. मी २०२३ ला मुख्याधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीतला मोठा काळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या नगरपरिषदांमध्ये गेला. लाइट गेल्याचे फोन मलाही यायचे आणि मी वायरमनला लावून द्यायचो, कारण रस्त्यावरचे दिवे नगरपरिषदेचे असतात आणि घरातले नसतात हा फरक काळोखात कुणाला सुचत नाही.

मुली, तू विचारलंस साहेब कोण. महसुलात याचं उत्तर एका ओळीचं आहे. नायब तहसीलदारावर तहसीलदार, त्याच्यावर प्रांत, मग जिल्हाधिकारी. नगरपरिषदेत तुझी नेमणूक आणि बदली शासन करणार, लक्ष जिल्हाधिकारी ठेवणार, आणि रोजचं काम ठरवणार निवडून आलेलं सभागृह, ज्याच्या डोक्यावर थेट जनतेतून आलेला नगराध्यक्ष. १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आहे, तो परीक्षेपुरता वाचला असशील, आता नोकरीपुरता वाच. कलम ७७ मध्ये तुझी कामं. ५८ मध्ये अध्यक्षांची, त्यातलं पोटकलम २ म्हणजे तातडीची कामं, ज्याच्या फायली तुझ्या टेबलावर दर पावसाळ्यात येणार आणि त्यातल्या निम्म्या तातडीच्या नसणार. आणि ३०८, ज्याखाली बेकायदा ठराव जिल्हाधिकारी थांबवू शकतात. एवढी तीन कलमं तोंडपाठ असली की पहिलं वर्ष निभावतं.

कचेरीत माणूस येतो तो काहीतरी मागायला, म्हणून आवाज खाली ठेवून येतो. नगरपरिषदेत येतो तो भांडायला. घरपट्टी भरलेली असो वा नसो, आवाज तेवढाच. महसूल आणि आमच्यात खरा फरक हाच, बाकी पगार, गाडी, क्वार्टर यात फार काही ठेवलेलं नाही. तहसीलदाराचा हुकूम लोक पाळतात. मुख्याधिकाऱ्याच्या हुकमावर आधी चर्चा होते, मग उपसूचना येते, मग तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब होतो. ज्याला याचा राग येतो त्यानं इकडे येऊ नये. मला त्यात मजा यायची.

सभा कशी असते ते सांगतो, म्हणजे क्लासमध्ये मिळणार नाही ते कळेल. विषयपत्रिका सात दिवस आधी जाते. शेवटचा विषय कायमचा: "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय". सगळं वादळ तिथे. एका नगरपरिषदेत मच्छी मार्केटच्या गाळ्यांना लिलाव न करता मुदतवाढ द्यायचा विषय असाच आयत्या वेळी आला. गाळेधारक म्हणजे बहुतेक त्याच गावातल्या कोळणी, वर्षानुवर्षं बसणाऱ्या, त्यांच्याबद्दल मला काही वाकडं नव्हतं. पण लिलाव टाळणं नियमात बसत नव्हतं. सभेत मी एवढंच म्हटलं की माझा अभिप्राय इतिवृत्तात लिहून घ्या. सूचक, अनुमोदक, हात वर, ठराव मंजूर. दुसऱ्या दिवशी तोच ठराव अभिप्रायासह जिल्हाधिकारी कार्यालयात गेला. मग रीतसर लिलाव झाला, वाजवी बोली लागली आणि जुन्या बायकांपैकी बऱ्याच जणींनी आपापले गाळे घेतलेसुद्धा. ज्यांनी ठराव मांडला होता ते नगरसेवक संध्याकाळी केबिनमध्ये येऊन चहा पिऊन गेले. त्यांनाही लोकांना दाखवायचं होतं की आपण प्रयत्न केला, कायदा आडवा आला. तो आडवा येणारा कायदा व्हायचं काम तुझं. सभागृहात आवाज चढवायचा नाही, जे सांगायचं ते कागदावर सांगायचं.

प्रशासकाचा काळही मी बघितला. २०२१-२२ मध्ये सभागृहांच्या मुदती संपल्या, मुख्याधिकारीच प्रशासक झाला आणि निवडणुका २०२५ च्या डिसेंबरपर्यंत झाल्या नाहीत. ठराव करणारा मीच, अंमल करणारा मीच. फायली भराभर हलल्या हे खरं. पण कुठल्या वाडीत नळाला गढूळ पाणी येतंय, कुठली पाखाडी (पायऱ्यांची वाट) खचली, हे कळायचं बंद झालं. नगरसेवक कितीही डोकं खाऊ दे, सकाळी सात वाजता फोन करून "साहेबानू, आमच्याकडे पाणी येऊक नाय" सांगणारा तोच असतो. तू रुजू होशील तोवर सभागृहं भरलेली असतील, ते बरंच आहे.

आता कोकणाचं. आपल्याकडे मुख्याधिकाऱ्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होत नाही, मे महिन्यात होतं. नालेसफाई. ठेकेदार तुला मुख्य रस्त्याकडेची गटारं दाखवणार, चकाचक. तू तिथे थांबू नको, खाडीच्या तोंडापर्यंत चालत जा. पऱ्या, म्हणजे ओढा, जिथे खाडीला मिळतो तिथे कुणीतरी गडगा (दगडी कुंपण) पुढे सरकवलेला असतो, कुणी भराव टाकलेला असतो, तिथे पाणी तुंबतं आणि बोंब बाजारपेठेत होते. दुसरं म्हणजे भरतीचं कोष्टक टेबलाच्या काचेखाली ठेव. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एका वेळेला आले तर गटार कितीही साफ असो, पाणी समुद्रात जायला वाट नसते. त्या तासांत पंप कुठे, माणसं कुठे, बोट कुठे, हे आधी ठरलेलं पाहिजे. देशावरून आलेल्या अधिकाऱ्यांना पाऊस मोजायची सवय असते, भरती मोजायची नसते.

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी. पाणी उतरल्यावर आजूबाजूच्या नगरपरिषदांची माणसं मदतीला गेली, त्यात आमचीही होती: सफाई कामगार, डंपर, फवारणीचे पंप, ब्लीचिंग पावडरची पोती. बाजारपेठेत दुकानाचं शटर वर केलं की आत भिजून फुगलेला तांदूळ, औषधांचे खोके, लग्नाच्या साड्यांचे गठ्ठे, आणि सगळ्यावर चिखलाचा एकसारखा थर. मी नकाशा काढून प्रभागवार वाटप करायला बसलो होतो. आमचा मुकादम म्हणाला, "साहेब, नकाशा मागनं. चिकल वला हाय तवर वढूया, वाळला की फावडा चालणार नाय." तसंच केलं. आणि दुपारपर्यंत खरा प्रश्न समोर आला. उचललेलं टाकायचं कुठे? कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं, गाद्या, फ्रीज, सगळं एका ढिगात चालत नाही. कचऱ्याची जागा हा विषय प्रत्येक सभेत पुढे ढकलला जातो आणि असल्या दिवशी एकदम दारात उभा राहतो.

तू अभियंता आहेस म्हणून पूररेषेचं सांगून ठेवतो. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मागणारा माणूस पिढ्यान् पिढ्या तिथेच राहणारा असतो, त्याचं घर पडकं झालेलं असतं, आणि तुला नाही म्हणायचं असतं. किनाऱ्यावर तेच सीआरझेडचं, म्हणजे किनारी बांधकामावरच्या निर्बंधांचं. परवानगीच्या कागदावर सही करताना महाड आठव. तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० ला कोसळली, १६ माणसं गेली. म्हणून "पहिली सही मुख्याधिकाऱ्याची निघते" हे तू ऐकलंस ते खोटं नाही. सही करायच्या आधी जागेवर जायचं. अभियंत्याचा अहवाल वाचायचा, आणि मग स्वतः पायऱ्या चढायच्या.

पैशाचं थोडक्यात. लहान नगरपरिषदेचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं. बाकी वित्त आयोग, नगरोत्थान, जिल्हा नियोजनचा निधी. घरपट्टीची वसुली मार्चमध्ये करायची असं देशावर चालतं. इथे अर्धी घरं कुलूपबंद, मालक मुंबईत. वसुली खरी होते गणपतीत आणि मे महिन्यात, चाकरमानी आला की. माझा एक वसुली लिपिक आरतीच्या वेळा बघून घरोघर जायचा. प्रसाद घ्यायचा, मग पिशवीतून पावतीपुस्तक काढायचा. गणपतीसमोर थकबाकी नाकारणारा माणूस मी तरी बघितला नाही.

दहा-पंधरा वर्षांनी कुठे? गट-ब मधून गट-अ, 'क' वर्गातून 'ब', 'अ' वर्गाची नगरपरिषद (४० हजारांपर्यंत 'क', लाखापर्यंत 'ब', पुढे 'अ'), मग महानगरपालिकेत उपायुक्त, काही जण त्याच्याही वर. पण तोवर कोकण सुटेल. इकडे मोठ्या नगरपरिषदा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे वर चढायचं तर ठाणे, पनवेल, पुणे. हे आत्ताच मनाशी ठरव.

आणि जमलं तर वेंगुर्ल्याला जाऊन ये. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोची जागा अशी झाली की लोक ती बघायला येऊ लागले. घरातच वर्गीकरण, बायोगॅस, प्लास्टिक बारीक करून डांबरी रस्त्यात. गटार आणि कचरा म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी तिकडेच पाठवायचो.

पावतीपुस्तक

जांभा_चिरा सरांचं सगळं मान्य, पण खालून कसं दिसतं तेही ऐक. मी एका नगरपंचायतीत कर विभागात आहे. आधी ग्रामपंचायत होती, त्यात लागले, नगरपंचायत झाली तेव्हा समावेशन होता होता नाकी नऊ आले. साहेब येतात, जातात. आम्ही इथेच.

नवीन साहेब आला की पहिल्या आठवड्यात ओळखतो आम्ही. एक प्रकार येतो तो विचारतो स्वच्छ सर्वेक्षणात आपला क्रमांक किती, 'माझी वसुंधरा' या शासनाच्या पर्यावरण अभियानाचे फोटो अपलोड झाले का. दुसरा विचारतो मागणी रजिस्टर कुठाय, म्हणजे कुणाकडून किती कर येणं आहे ते. दुसऱ्या प्रकाराला लोक पहिले सहा महिने शिव्या घालतात.

बाईमाणसाचं म्हणशील तर आमच्याकडे एक मॅडम होत्या. पहिल्या सभेत एक सदस्य त्यांना "ताई, तुम्हाला नाही कळायचं हे" म्हणाले. मॅडमनी पाणी योजनेचं अंदाजपत्रक उघडलं आणि पाइपाचा व्यास, टाकीची उंची, कुठल्या वाडीला दाब का मिळत नाही, हे शांतपणे सांगितलं. नंतर ते सदस्य त्यांना मॅडमच म्हणायचे. पण हेही सांगते: त्यांना ऑफिसात वेगळं स्वच्छतागृह नव्हतं, ते त्यांनी स्वतः करून घेतलं, आणि त्याचा फायदा आम्हा सगळ्या बायकांना झाला. रात्री पाइपलाइन फुटली की जागेवर जायचं असतं, तेव्हा सोबत ड्रायव्हर आणि फिटर विश्वासाचे असावे लागतात. ते पहिल्या महिन्यात बघून घे.

एक मुद्दा पटला नाही. गणपतीत वसुलीला जाणं ऐकायला गोड आहे. आम्हालाही घरी गणपती असतो, सर!

रोह्याचा_टेक्सासकर

वाचून गंमत वाटली, कारण मी राहतो तिथे शहराचा कारभार सिटी मॅनेजर बघतो आणि त्याची गोष्ट तुमच्या उलटी आहे. इथे निवडून आलेली कौन्सिल स्वतः माणूस शोधते, मुलाखत घेते, करार करते, आणि बहुमताने घरी पाठवते. राज्य सरकारचा काही संबंध नाही. डॅलस, सॅन अँटोनिओ, फीनिक्स एवढी मोठी शहरंही अशीच चालतात. महापौर असतो, पण रोजचा कारभार, अंदाजपत्रक तयार करणं, अधिकारी नेमणं हे मॅनेजरचं.

सुरुवात १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टाँटन गावात झाली. पण कल्पना देशभर गेली ती ओहायोतल्या डेटनमुळे, आणि तिथे कारण होतं पूर. मार्च १९१३ मध्ये शहर बुडालं, जुना कारभार उघडा पडला, नवीन सनद झाली आणि १९१४ पासून मॅनेजर. पहिला माणूस हेन्री वेट, पेशाने अभियंता, सिनसिनाटीहून आणलेला. प्रश्न विचारणारी मुलगी अभियंता आहे म्हणून मुद्दाम सांगितलं. त्याच वर्षी या लोकांची संघटना झाली आणि १९२४ मध्ये त्यांनी स्वतःची आचारसंहिता केली. मॅनेजरने कौन्सिलच्या निवडणुकीत कुणाचा प्रचार करायचा नाही, हा त्यातला अजूनही कडक पाळला जाणारा नियम.

जांभा_चिरा

टेक्सासकर, छान माहिती. बहुमताने घरी पाठवायची सोय आपल्याकडे असती तर माझी निम्मी नोकरी घरी गेली असती. आपल्याकडे सभागृह काढू शकत नाही, पण मंत्रालयात जाऊन बदली मागू शकतं. बदल्यांचा २००५ चा कायदा तीन वर्षं म्हणतो, प्रत्यक्षात किती टिकशील ते तुझ्यावर जेवढं, त्याहून जास्त आमदारावर. म्हणून भाड्याचं घर घे, सामान कमी ठेव.

पावतीपुस्तक ताई, गणपतीचा मुद्दा कबूल. पण तो लिपिक स्वतः मागून जायचा. प्रसादाचे मोदक कारणीभूत असावेत.

गुहागरची_मुलगी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे भांडणं सोडवायची नोकरी, मग तुला जमेल." मुख्याधिकारी वर ठेवतेय.

शेवटचा एक प्रश्न काकांना. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात काय बघू?

जांभा_चिरा

बाबा शहाणे आहेत.

पहिल्या दिवशी सत्कार होतील, नारळ-शाल घे आणि लवकर मोकळी हो. मग रोकडवही आणि बँकेची शिल्लक जुळते का ते बघ. न्यायालयीन प्रकरणांची यादी माग. ती अर्धवट मिळेल, वकिलाकडून पूर्ण करून घे, कारण अवमानाची नोटीस तुझ्या नावाने येणार. लेखापरीक्षणाचे प्रलंबित शक (आक्षेप) माग. पाण्याच्या टाकीवर एकदा स्वतः चढ आणि व्हॉल्व्हमनचा नंबर मोबाइलमध्ये घाल. त्याला नावाने हाक मारता आली पाहिजे. गावात कुणाला किती वाजता पाणी मिळतं हे मुख्याधिकारी नाही, व्हॉल्व्हमन ठरवतो. सफाई कामगारांच्या हजेरीला पहाटे एकदा जा, न सांगता, पण ओरडायला नको, नुसतं बघ. हातमोजे, गमबूट मिळालेत का विचार. कुठल्याही जुन्या बिलावर पहिल्या आठवड्यात सही करू नको, मग आणणारा कितीही गोड बोलो.

आणि लिंक शेवटच्या दिवशी भरायची वाट बघू नको, रात्री सर्व्हर बसतो. आजच भर आणि प्रिंट काढून ठेव.